अर्धशिशी आणि दर सोमवारी बदलणारी शिफ्ट

दिनांक : २३ जानेवारी २०२६

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक
तथा अध्यक्ष, कर्मचारी वैद्यकीय समिती,
नीरांजन फाइनकेम प्रा. लि.,
रांजणगाव औद्योगिक क्षेत्र, ता. शिरूर, जि. पुणे.

अर्जदार : धनश्री ज्ञानू कोळपे, वरिष्ठ विश्लेषक, गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा. राहणार भांडगाव, ता. दौंड.

विषय : दि. २१ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तातून राहून गेलेली दोन विधाने नोंदवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मला दिलेले मेमो, दि. ५ फेब्रुवारी २०२५ व दि. २१ नोव्हेंबर २०२५.
२) माझे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.
३) काल सायंकाळी मिळालेले इतिवृत्त.

सोबत : डोकेदुखीच्या दैनंदिनीची छायांकित प्रत (५१ पाने), मेंदूच्या एमआरआयचा अहवाल, पुण्यातील मेंदूविकारतज्ज्ञांचे पत्र.

महोदय,

१. सोमवार, दि. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी प्रयोगशाळेतील तराजूच्या पडद्यावर ०.५०१८ ग्रॅम असा आकडा होता. त्यातले शेवटचे दोन अंक मला दिसत नव्हते. पडदा बिघडलेला नव्हता. मी उजवा डोळा झाकून पाहिले, मग डावा झाकून पाहिले. दोन्ही वेळा ‘०.५०’ एवढेच दिसले आणि त्याच्या उजवीकडे मोहरीएवढा चकाकणारा ठिपका. मी घड्याळ लावले. सोळा मिनिटांत तो ठिपका पसरून विळ्याच्या पात्यासारखा वाकडा आणि दातेरी झाला व आकड्यासकट समोरच्या खिडकीची उजवी बाजू नाहीशी झाली. तेविसाव्या मिनिटाला सर्व पुन्हा दिसू लागले आणि डोक्याची डावी बाजू दुखू लागली. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखत होती.

२. त्या वेळी माझ्यासमोर जो नमुना होता तो रवाना होणाऱ्या मालाचा होता. हा माल तापाच्या औषधांत जातो. मी पेन खाली ठेवले आणि शिफ्ट इनचार्जना सांगितले, “मला आकडा अर्धाच दिसतोय. मी सही करणार नाही, दुसऱ्या कुणाला बसवा.” दुसरे विश्लेषक जनरल शिफ्टच्या बसने नऊनंतर आले. मालाची गाडी एक तास पन्नास मिनिटे गेटवर थांबली. तिसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला : ‘कामास हेतुपुरस्सर नकार देऊन माल रवानगीस विलंब केला.’

मी काय करायला हवे होते, हे मी त्यानंतर चार अर्जांत विचारले आहे. अर्धा आकडा दिसत असताना उरलेला अंदाजाने लिहून सही करावी, अशी कंपनीची अपेक्षा असेल तर तसे लेखी कळवावे. तो कागद मी प्रयोगशाळेत सर्वांना दिसेल असा लावीन.

कंपनीच्या नियमाप्रमाणे तीन मेमो झाले की सेवा समाप्त होते. माझे दोन झाले आहेत. दुसरा कसा झाला ते परिच्छेद ९ मध्ये आहे.

३. हा आजार मला पाच वर्षांपासून आहे. आमच्या भागात त्याला अर्धशिशी म्हणतात आणि प्रत्येक घरात त्यावर एक उपाय ठरलेला असतो. मी ते सर्व केले. दोनदा चष्म्याचा नंबर काढला, सायनसचा एक्स-रे काढला, नाकात तूप सोडले, कपाळावर सुंठीचा लेप लावला, चहा सोडला, मग चहा पुन्हा सुरू केला. चुलत्यांनी चौफुल्याहून एक तेल आणून दिले, त्याच्या उग्र वासानेच एकदा झटका आला.

आमच्या गावचे म्हाळूआप्पा अर्धशिशी उतरवतात. रविवारी सूर्य उगवायच्या आत, काही न खाता, उगवतीकडे तोंड करून बसायचे. ते कपाळाला राख लावून काही पुटपुटतात आणि शेवटी गूळखोबरे देतात. माझी आई बयाबाई मला तीन रविवार घेऊन गेली. पहिल्या दोन रविवारी डोके दुखत नव्हते म्हणून त्यांनी परत पाठवले. म्हणाले, “दुखत असंल तवाच ये, बाय. न्हाई ते मी काय उतरवू?” तिसऱ्या रविवारी झोपमोड आणि रिकामे पोट यांमुळे तिथे बसल्याबसल्याच दुखायला लागले. आई समाधानाने म्हणाली, “बघ, आता उतरवत्याल.”

हे मी करमणूक म्हणून लिहिलेले नाही. परिच्छेद ८ मध्ये याचा संबंध येईल.

४. कंपनीत रुजू झाल्यावर उपाय आणखी सोपा झाला. प्रथमोपचार कक्षात कोणत्याही दुखण्याला एकच गोळी मिळते. पाठ दुखो, दात दुखो, डोके दुखो. सिस्टर रजिस्टर पुढे करतात, आपण सही करायची, गोळी घ्यायची, पुन्हा कामावर जायचे. डॉक्टरसाहेब मंगळवारी, शुक्रवारी आणि समितीच्या बैठकीला येतात. महिन्यातून किती दिवस गोळी घेता, असे त्यांनी मला चार वर्षांत एकदाही विचारले नाही. त्यांनी विचारले ते असे : “लग्न कधी करताय? लग्न झालं की थांबतं हे.”

जून २०२५ या महिन्यात मी एकोणीस दिवस ती गोळी घेतली. त्यांपैकी सात दिवस डोके दुखत नव्हते; दुखेल या भीतीने घेतली. पुण्याच्या तज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत तो आकडा पाहून सांगितले की वेदनाशामक इतक्या वेळा घेतले की तेच डोकेदुखी आणू लागते. मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची एम.एस्सी. आहे. दिवसभर मी मात्रा मोजते आणि स्वतःची मात्रा मोजली नाही. याचा राग माझा माझ्यावरही आहे. पण रजिस्टर कंपनीचे होते. एकोणीस सह्या त्यात एका महिन्यात होत्या आणि ते दर मंगळवारी डॉक्टरसाहेबांसमोर सहीसाठी जात होते. त्यांनी प्रत्येक पानावर सही केली आहे.

त्या गोळ्या बंद केल्यानंतरचे पहिले अठरा दिवस कसे गेले, ते येथे लिहीत नाही. कंपनीच्या दप्तरात ते ‘रजा, वैयक्तिक कारण’ असे आहेत.

५. तज्ज्ञांच्या पत्रात तीन गोष्टी आहेत. झटका सुरू होताच घ्यायची एक वेगळी गोळी, तीही महिन्यात ठरवून दिलेल्या दिवसांपेक्षा जास्त नाही. झटके येऊच नयेत म्हणून रोज झोपण्यापूर्वी, एकाच वेळी घ्यायची दुसरी गोळी. आणि झोपण्याची, उठण्याची व जेवणाची वेळ रोज एक. ते मला म्हणाले होते, “गोळी निम्मं काम करेल, घड्याळ निम्मं. दिवसा काम मिळालं तर उत्तमच. नसेल मिळत तर कुठलीही शिफ्ट द्या म्हणावं, पण रोज तीच.”

आपल्याकडे दर सोमवारी शिफ्ट बदलते. ए शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते, त्यासाठी भांडगावातून बस पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी निघते. त्या आठवड्यात मी रात्री साडेआठला झोपते. बी शिफ्टच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर. रात्रीच्या सी शिफ्टच्या आठवड्यात सकाळी आठला. म्हणजे ‘रोज एकाच वेळी’ घ्यायची गोळी मी एका आठवड्यात रात्री साडेआठला, दुसऱ्यात मध्यरात्रीनंतर आणि तिसऱ्यात सकाळी न्याहारीच्या वेळी घेते. प्रयोगशाळेत अशा पद्धतीने एखादा प्रयोग कुणी केला असता तर मी त्याचा निष्कर्ष स्वीकारला नसता.

६. दि. ३ फेब्रुवारी २०२५ पासून मी दैनंदिनी ठेवली आहे. प्रत्येक झटक्याची वेळ, आदल्या दिवसाची झोप, जेवण, ऊन, वास, मासिक धर्म, शिफ्ट, घेतलेली गोळी, सर्व त्यात आहे. दि. १८ ऑगस्ट ते ५ ऑक्टोबर हे सात आठवडे परदेशी ग्राहकाच्या तपासणीमुळे प्रयोगशाळेतील वरिष्ठांना सलग ए शिफ्ट देण्यात आली. ते सात आठवडे वगळता मला ५६ झटके आले. केवळ योगायोग असता तर शिफ्ट बदलल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत त्यांपैकी २४ यायला हवे होते. आले ४०.

वगळलेल्या सलग सात आठवड्यांत झटके आले दोन.

दि. ६ ऑक्टोबरपासून शिफ्ट पुन्हा फिरू लागली. पुढच्या सात आठवड्यांत झटके आले नऊ. प्रतिबंधक गोळी मी जुलैपासून एकही दिवस चुकवलेली नाही. गोळी तीच, पाणी तेच, प्रयोगशाळा तीच, मी तीच. बदलली ती शिफ्ट. एका व्यक्तीवरचा हा प्रयोग आहे, त्याच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. पण कंपनीने स्वतःच्या गरजेसाठी केलेला हा प्रयोग माझ्या बाबतीत यशस्वी झाला होता आणि तो कंपनीनेच थांबवला.

७. समितीच्या बैठकांचा क्रम असा.

दि. १९ मार्च २०२५ : गणसंख्या अपुरी. विषय पुढे.

दि. १८ जून : डॉक्टरसाहेबांनी मेंदूचा एमआरआय आणायला सांगितला. विषय पुढे.

दि. १७ सप्टेंबर : एमआरआय आणला. त्यात दोष नाही. मनुष्यबळ अधिकारी श्री. विश्वजीत गव्हाणे तो अहवाल वाचून म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आहे. म्हणजे तुम्ही नॉर्मल आहात. अभिनंदन, मॅडम.” मी सांगितले की अर्धशिशी एमआरआयमध्ये दिसत नाही; दुसरे काही गंभीर नाही ना, एवढे पाहण्यासाठी तो काढतात. तराजू बरोबर आहे म्हणून त्यावर ठेवलेला माल शुद्ध ठरत नाही. यावर डॉक्टरसाहेब काही बोलतील असे मला वाटले होते, कारण हे त्यांना माहीत असायला हवे. ते म्हणाले, “टेन्शन घेता तुम्ही फार.”

श्री. गव्हाणे पुढे म्हणाले, “सरळ सांगा ना, नाईट नकोय म्हणून. लेडीजना नको असते, आम्हाला कळतं ते. एवढे कागद कशाला?”

कामगार प्रतिनिधी श्री. हौसराव थोरात, ज्यांना बॉयलर विभागात सर्वजण मामा म्हणतात, ते म्हणाले, “आमच्या घरात बी अर्धशिशी हाय की. कपाळाला फडकं बांधती आन् वीस मानसाच्या भाकरी थापती. ती कुनाकडं अर्ज करती व्हय?”

सर्वजण हसले. आपणही हसलात. ही नोंद मी येथे करते, कारण इतिवृत्तात ती नाही. इतिवृत्तात आहे ते असे : ‘अर्जदारास डे शिफ्ट हवी आहे.’ मी कोणत्याही अर्जात डे शिफ्ट मागितलेली नाही. माझ्या प्रत्येक अर्जातील शब्द आहेत ‘कोणतीही एकच शिफ्ट’. ही चूक दुरुस्त करावी म्हणून मी तीनदा लिहून दिले. तिन्ही वेळा माझे पत्र ‘डे शिफ्टबाबत स्मरणपत्र’ या नावाने फाइलला लावण्यात आले.

८. त्याच दिवशी समितीने ठराव केला : ‘आजाराची खात्री करता यावी म्हणून अर्जदाराने पुढील बैठकीस रोगावस्थेत हजर राहावे.’

दि. १७ सप्टेंबर रोजी मी बरी दिसत होते, हे खरे आहे. त्या वेळी सलग ए शिफ्टचा पाचवा आठवडा चालू होता. म्हणजे माझी मागणी तात्पुरती का होईना पूर्ण झाल्यामुळे मी बरी होते, आणि मी बरी असल्यामुळे समितीला माझ्या मागणीची खात्री पटेना.

म्हाळूआप्पांचीही अट हीच होती. पण ते दर रविवारी बसतात. समिती दोन-तीन महिन्यांतून एखाद्या बुधवारी सकाळी अकराला बसते.

अशा वेळी झटका मुद्दाम कसा आणावा, हे मला माहीत आहे. उपाशी राहायचे, झोप मोडायची, उन्हात उभे राहायचे, सॉल्व्हंटची बाटली उघडी ठेवायची. दैनंदिनीत सर्व नोंदी आहेत. दोन दिवस मी त्याचा गांभीर्याने विचार केला, हे लिहिताना मला लाज वाटत नाही. ज्यांच्या ठरावामुळे एका माणसाला हा विचार करावा लागला, त्यांना ती वाटावी अशी माझी अपेक्षा आहे.

९. मुद्दाम काही करावे लागले नाही. पुढील बैठकीच्या दिवशी, दि. १९ नोव्हेंबर रोजी, शिफ्ट बदलल्यापासून तिसऱ्या दिवशी, सकाळी ८ वाजून २० मिनिटांनी ठिपका दिसला. मी त्वरित घ्यायची गोळी घेतली नाही, कारण ती घेतली असती तर अकरापर्यंत कदाचित बरे वाटले असते व ठरावाचा भंग झाला असता. साडेदहाला मी प्रशासकीय इमारतीच्या दारात पोहोचले. उजेड सहन होत नव्हता म्हणून डोक्यावर ओढणी घेतली होती. दारावरच्या सुरक्षारक्षकाने विचारले, “मॅडम, बरं नाही का तुम्हाला?”

मी हो म्हटले.

“मग फिटनेस लागेल. आजारी माणसाला फिटनेसशिवाय इकडं सोडायचं नाही, सर्क्युलर आहे.”

मी ठराव दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “ह्यात आजारी या असं लिहिलंय. पण आत सोडा असं नाही लिहिलेलं.” त्याच्यावर माझा राग नाही. संपूर्ण प्रकरणात कागद नीट वाचणारा तो एकटाच माणूस होता.

मी फिटनेस दाखल्यासाठी प्रथमोपचार कक्षात गेले. सिस्टर म्हणाल्या, “डोकं थांबलं की लगेच देते.” तिथे मला दोनदा उलटी झाली. सव्वा वाजता डोके थोडे हलके झाले, दाखला मिळाला आणि मी इमारतीत गेले. बैठक संपली होती. इतिवृत्तात लिहिले आहे : ‘अर्जदार गैरहजर.’ दोन दिवसांनी त्याबद्दल दुसरा मेमो मिळाला.

१०. आता मागण्या.

(क) दि. २१ जानेवारीच्या इतिवृत्तात ‘डे शिफ्टची मागणी मान्य करता येत नाही, विषय पुढील बैठकीत’ असे आहे. तो मजकूर चुकीचा असून शेवटच्या परिच्छेदातील दोन विधाने, एक माझे व एक आपले, त्याजागी नोंदवावीत.

(ख) आज फलकावर फेब्रुवारीचे वेळापत्रक लागले आहे. त्यात दि. २ फेब्रुवारीच्या आठवड्यात माझे नाव ए शिफ्टला, पुढच्यात बी, त्यापुढच्यात सी असे आहे. ते दुरुस्त करावे. दि. २ फेब्रुवारी रोजी फलकाप्रमाणे वागले तर माझी प्रकृती बिघडते, आणि आपल्या शब्दाप्रमाणे वागले तर तिसरा मेमो मिळतो. दोन्हींतून निवड माझ्यावर सोडू नये.

(ग) दोन्ही मेमो मागे घ्यावेत. पहिला, कारण मी चुकीची सही केली नाही. दुसरा, कारण मी आले होते.

(घ) प्रथमोपचार कक्षाच्या रजिस्टरमध्ये ज्या कर्मचाऱ्याच्या एका महिन्यात दहापेक्षा जास्त सह्या असतील त्याला गोळीऐवजी तज्ज्ञांकडे पाठवावे. मी रजिस्टर चाळलेले नाही, तो माझा अधिकार नाही. पण माझ्या सहीच्या वरखाली दर वेळी तीच काही नावे असत, एवढे मला दिसले आहे.

(ङ) रात्रीच्या शिफ्टसाठी महिला कर्मचाऱ्याची लेखी संमती लागते. हा अर्ज ती संमती समजावा. सी शिफ्टला पॅकिंग विभागातील महिला असतात आणि त्यांची बस केडगाव-चौफुल्यावरून भांडगावपर्यंत येते, त्यामुळे वेगळी सोय करावी लागणार नाही.

११. जुलै महिन्यात तज्ज्ञांनी “कुठलीही शिफ्ट, पण तीच” असे म्हटले तेव्हाच याचे उत्तर मला कळले होते. ए शिफ्ट सर्वांना हवी असते, ती मला कायमची मिळणार नाही. बी शिफ्टही बऱ्याच जणांना चालते. सी कुणालाच नको असते. हे कळूनही मी सहा महिने बोलले नाही. त्याचे कारण घरचे आहे, पण उशीर का झाला हे दप्तरी असावे म्हणून लिहिते.

कायमची सी शिफ्ट म्हणजे सुटीच्या दिवशीही दिवसा झोपायचे. झोपेची वेळ एक दिवस जरी मोडली तरी उपयोग नाही. लग्नकार्य, सणवार, पाहुणे, सर्व माझ्या झोपेत होणार. आई अनेकदा म्हणाली, “राती कामाला जानाऱ्या पोरीला कोन पत्करील?” त्याला मी उत्तर देत असे. पण एकदा ती म्हणाली, “आताच जवा बघावं तवा खोलीत अंधार करून पडलेली असती. पुढं दिसा झोपनार आन् राती जानार. मग मानसांत कवा यायची तू?” या वाक्याने मी सहा महिने थांबले. समितीने ज्याला ‘डे शिफ्टची मागणी’ म्हटले, त्या मागणीत मी काय द्यायला तयार झाले आहे हे समितीतल्या एकाही सदस्याने विचारले नाही.

दि. २० जानेवारीच्या सायंकाळी मी आईला सांगितले की उद्या मी बोलणार आहे. ती बराच वेळ शेळीला पाला घालत राहिली. मग म्हणाली, “डोकं तुझं हाय.” आणि थोड्या वेळाने, “खिडकीला वाकळ ठोकून देती. उजेड नगं याया.”

१२. दि. २१ जानेवारी रोजी बैठकीत श्री. गव्हाणे यांनी सुरुवातीलाच सांगितले, “मॅडम, प्रश्न तुमचा नाही. पायंड्याचा आहे. एकीला डे शिफ्ट दिली की उद्या ह्या टेबलावर चाळीस अर्ज येतील.”

हौसरावमामांनी मध्येच हात वर केला. म्हणाले, “म्या घरी मुक्ताबाईला इचारलं. म्हनलं, कंपनीत एक पोरगी हाय, तुझ्यावानीच डोकं. तर ती म्हनली, कपाळाला फडकं मी काय नटायला बांधती व्हय? तीस वर्सांत पैल्यांदा इचारलंसा, म्हनली.” या वेळी कुणी हसले नाही. हे विधानही इतिवृत्तात नाही, परंतु ते नोंदवावे की नाही हे मामांनी ठरवावे.

मी श्री. गव्हाणे यांना विचारले, “नाईटसाठी किती अर्ज येतील?”

“नाईट कोण मागतं?” ते म्हणाले.

यावर मी जे बोलले ते पहिले विधान : “मी मागते. मला कायमची सी शिफ्ट द्या. ती बदलू नका, एवढंच माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून आहे.”

मामा म्हणाले, “कायमची? पोरी, आईला इचारलंयस का?”

“सांगून आले आहे,” मी म्हणाले.

आपण माझी दैनंदिनी पुढे ओढलीत. अकरा महिने तिची पाने मी समितीच्या फाइलला जोडत आले होते. आपणास ती उघडताना मी प्रथमच पाहिले. आपण ऑगस्टची पाने वाचलीत, मग ऑक्टोबरची, मग पुन्हा ऑगस्टची. त्याला चार मिनिटे लागली. डॉक्टरसाहेब काही सांगू लागले, त्यांना आपण हाताने थांबवलेत. श्री. गव्हाणे म्हणाले, “सर, पॉलिसीत कायम शिफ्ट असा प्रकारच नाही.” आपण दैनंदिनी मिटलीत आणि त्यांच्याकडे न पाहता बोललात. ते दुसरे विधान, शब्दशः :

“द्या तिला. कायम सी, दोन तारखेपासून. लिहून घ्या.”

आपल्या प्रयोगशाळेतील,
(सही)
धनश्री ज्ञानू कोळपे